जेलवरची दुसरी पट्टी

झायमोग्राफी म्हणजे प्रथिनं कापणारी एन्झाइम्स जेलवर ओळखायची पद्धत. तिची गंमत अशी, की जे खाल्लं गेलंय तेच दिसतं. जेलमध्ये जिलेटिन घालायचं, प्रथिनं उलगडणारं एसडीएस हे रसायन मिसळून नमुना विजेच्या प्रवाहाने त्यातून पळवायचा, ट्रायटन या सौम्य साबणाने एसडीएस धुऊन काढायचं आणि जेल रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं. सकाळी कुमासी ब्लूने रंगवलं की सगळं निळं, आणि एन्झाइमने जिलेटिन फस्त केलं तेवढीच पांढरी पट्टी.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी कॅन्सरच्या पेशींचं माध्यम (पेशी वाढवायचा द्रव) असंच तपासत होते. एमएमपी-२ या, पेशींभोवतीचं प्रथिनांचं जाळं कापणाऱ्या एन्झाइमची ७२ किलोडाल्टनची (हे रेणूचं वजन) पट्टी दर वेळी पुसट. (पहिल्यांदा झकास आली होती, पण माध्यमात रक्तातलं सीरम तसंच राहिलं होतं आणि चमकत होती सीरममधलीच एन्झाइम्स. दोन दिवस मी उगाच खुशीत.) शेवटी सीनियर म्हणाली, "अगं, फायब्रोब्लास्ट कुठायत तुझ्या प्लेटमध्ये?"

नव्हतेच. फायब्रोब्लास्ट म्हणजे ऊतींची चौकट विणणाऱ्या पेशी. गाठीच्या पेशी वाट फोडतात म्हणजे हत्यारं त्यांचीच, हे मी गृहीत धरलेलं. स्तनाच्या कर्करोगात स्ट्रोमेलायसिन-३ हे एमएमपींच्याच कुळातलं एन्झाइम भोवतालच्या फायब्रोब्लास्टमध्ये तयार होतं, हे १९९० मध्येच छापून आलं होतं. गाठीच्या पेशी सीडी१४७ या पृष्ठभागावरच्या प्रथिनातून फायब्रोब्लास्टना नुसती चिथावणी देतात.

मग नुसते फायब्रोब्लास्ट लावले. प्लास्टिकवर वाढवले तर ७२ ची पट्टी ठसठशीत, पण एकटीच. तेच कोलॅजन या ऊतींमधल्या प्रथिनाच्या जेलमध्ये रुजवले, तर खाली ६२ च्या आसपास दुसरी! पेशी त्याच, बदललं ते त्यांच्या भोवतीचं.

७२ चं रूप खरं तर निष्क्रिय. एसडीएसमुळे ते उलगडतं, म्हणून झायमोग्राफीत तेही पांढरं दिसतं. नुसत्या ठळकपणावर भाळू नये. त्याचा अडसर काढून ६२ चं सक्रिय रूप मिळवायला पेशीच्या पडद्यावरचं एमटी१-एमएमपी हे दुसरं एन्झाइम लागतं, आणि या दोघांना जोडून धरायला टिम्प-२ नावाचा रेणू. हा टिम्प-२ एरवी एमएमपींना रोखणारा! थोडा असला तर दुवा, जास्त झाला तर लगाम. मला हे पचायला आठवडा लागला.

त्यानंतर आक्रमणाचा (गाठीच्या पेशी जाळं भेदून जातात का, ते पाहण्याचा) प्रयोग लावताना एक कप्पा फायब्रोब्लास्टशिवायचा आणि एक त्यांच्यासकट, असे दोन्ही ठेवते. प्लेट्स दुप्पट लागतात, गाइड कुरकुरतात.