टॉर्चला मंद उजेडाची जोड

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, पावसाळ्यात झाड तारेवर पडले की वीज कधी येईल याचा नेम नसतो. त्यामुळे इथे बहुतेक घरांत दाराजवळच्या खिळ्याला बॅटरी टांगलेली असतेच. अलीकडच्या बॅटऱ्या मात्र केवळ उजेडाच्या जोरावर खपवल्या जातात. उसाला रात्रीचे पाणी पाजायला निघालेल्या माणसाला तो झोत हवाच, कारण बांधावर आडवे पडलेले काय आहे हे त्याला लांबूनच कळले पाहिजे. घरात मात्र रात्री औषधाची गोळी शोधताना तोच झोत पांढऱ्या भिंतीवर आदळून सगळ्यांची झोपमोड करतो आणि अंधाराला सरावलेली नजर क्षणात घालवतो. ती पूर्ववत व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात.

यावर उपाय म्हणून मी आमच्या १८६५० आकाराचा (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब) एक लिथियम सेल असलेल्या, सरकत्या बटणाच्या साध्या बॅटरीत एक रेझिस्टर, म्हणजे विद्युतप्रवाह रोखणारा छोटा भाग, बसवला. एलईडीचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात सावकाश घटत नाही. ठरावीक व्होल्टेजच्या खाली ती जवळजवळ विझतेच. म्हणून विचार करायचा तो विद्युतप्रवाहाचा. चार्ज केलेला सेल साधारण ४ व्होल्ट देतो आणि पांढरी एलईडी अगदी कमी प्रवाहावर २.६ व्होल्टच्या आसपास घेते. उरलेले १.४ व्होल्ट रेझिस्टरने अडवायचे आणि प्रवाह ५ मिलिअँपिअर ठेवायचा, तर भागाकार २८० ओहम येतो. बाजारात त्याच्या सर्वांत जवळचा मिळतो २७० ओहमचा, म्हणजे लाल, जांभळा आणि तपकिरी पट्ट्यांचा. एवढ्या प्रवाहावर त्यात ७ मिलिवॅटच्या आसपासच उष्णता निर्माण होते, त्यामुळे पाव वॅटचा रेझिस्टर गरमही होत नाही. हाच हिशेब ३०० मिलिअँपिअरच्या मध्यम उजेडासाठी केला, तर रेझिस्टरवर सुमारे ०.४ वॅट खर्च होतो आणि प्लॅस्टिकच्या बंद डबीत तो चांगलाच तापतो. मंद उजेडासाठी चालणारी ही युक्ती मध्यम उजेडासाठी मला पटत नाही, ती त्यामुळेच.

मूळ बटणाच्या जागी तीन पायांचे, मधे बंद राहणारे बटण लागते. बेळगावात सुट्या भागांच्या दुकानात कन्नडमध्ये सांगा की मराठीत, ‘मधे बंद, दोन्हीकडे चालू’ एवढे म्हटले तरी पुरते. सेल आधी बाहेर काढावा, कारण लिथियम सेलच्या तारा एकमेकींना चिकटल्या तर गंमत राहत नाही. सेलकडून येणारी तार बटणाच्या मधल्या पायाला जोडावी. एका बाजूच्या पायापासून पूर्वीचीच तार पुढे न्यावी; दुसऱ्या बाजूच्या पायाला रेझिस्टर झाळून त्याचे दुसरे टोक थेट एलईडीच्या, पूर्वीची तार जिकडे जाते त्याच टोकाला लावावे, म्हणजे मधे प्रवाह आवरणारा एखादा भाग असला तरी मंद उजेड त्याला वळसा घालून जातो. रेझिस्टरच्या उघड्या तारांवर उष्णतेने आकुंचन पावणारी नळी चढवायला विसरू नये. चार्जिंगच्या तारा मात्र जशा होत्या तशाच राहू द्याव्यात.

जोडणी झाल्यावर मल्टिमीटर मिलिअँपिअरवर ठेवून सेलच्या वाटेत लावला, की काटेकोर हिशेब पडताळता येतो. २००० मिलिअँपिअर-तासांचा सेल ५ मिलिअँपिअरवर ४०० तास, म्हणजे जवळपास सतरा दिवस-रात्र चालतो. सेल ३.४ व्होल्टवर आला की प्रवाह सुमारे ३ मिलिअँपिअरवर उतरतो. पण डोळ्याला उजेडातली घट प्रवाहातल्या घटीइतकी जाणवत नाही, त्यामुळे वाट दिसत राहते. उजेड अगदीच मलूल दिसू लागला, की सेल चार्जिंगला लावावा.

एकाच दाबाच्या बटणावर तीन-चार प्रकारचे उजेड देणाऱ्या बॅटऱ्यांत आत छोटी चिप असते आणि तिचे बटण केवळ चिपला इशारा देते. तिथे ही जोडणी जशीच्या तशी लागू पडत नाही. आपल्याकडच्या पावसात आणखी एक काम उरतेच: नव्या बटणासाठी भोक मोठे केले असेल, तर त्याच्या कडेने सिलिकॉन भरून ते पूर्ण वाळेपर्यंत बॅटरी बाहेर नेऊ नये.