नेत्राणीचे बॅराकुडा: ठाण्याहून जाणाऱ्या डायव्हरांसाठी

कर्नाटकातील मुरुडेश्वरच्या किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटरवरील नेत्राणी बेटापाशी बॅराकुडा या शिकारी माशांचा थवा पाहण्यासाठी आम्ही ठाण्यातील काही स्कूबा डायव्हर जानेवारीत गेलो होतो. ठाण्याला थांबणारी मत्स्यगंधा एक्सप्रेस दुसऱ्या दिवशी पहाटे मुरुडेश्वरला पोहोचवते. हिवाळ्यातले आरक्षण मात्र फार आधी करावे लागते. पावसाळ्यात तेथील डायव्हिंग बंद असते. बोटीचा प्रवास बराच हेलकावे देणारा आहे, त्यामुळे ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी बोटीत चढण्यापूर्वीच घ्यावी.

खडकाच्या ज्या टोकाला प्रवाह येऊन भिडतो, तिथेच थवा होता. लांब, रुपेरी अंगावर गडद उभे पट्टे, पुढे आलेला खालचा जबडा आणि एकमेकांपासून दूर असलेले पाठीवरचे दोन पर. सगळ्यांची तोंडे प्रवाहाकडे, आणि शेपटीची हालचाल जेमतेम जाणवेल इतकीच. थव्याने राहणाऱ्या बॅराकुडांच्या काही जाती दिवसा असे एकत्र राहतात आणि रात्री पांगून शिकार करतात, म्हणूनच सकाळी ते इतके संथ भेटतात. ग्रेट बॅराकुडा ही जात मात्र पूर्ण वाढ झाल्यावर बहुधा एकटी फिरते.

आमच्यातील एक जण कॅमेरा घेऊन थेट त्यांच्या दिशेने गेला, तेव्हा थवा दुभंगून खोल पाण्याकडे सरकला. आम्ही खडकाच्या आडोशाला, त्याला स्पर्श न करता, मंद श्वास घेत थांबलो, तेव्हा ते परतले आणि हळूहळू आमच्याभोवती वर्तुळ धरून फिरू लागले. इतक्या जवळून त्यांचे डोळे आपल्यावर रोखलेले दिसणे, हा माझ्या मते या सहलीचा सर्वांत मोलाचा भाग होता. म्हणून जाणाऱ्यांना माझा आग्रह आहे की, पाण्यात एका पातळीवर स्थिर राहण्याचा सराव ठाण्यातच, प्रशिक्षकाबरोबर जलतरण तलावात पक्का करावा. प्रवाहात हातपाय मारणाऱ्याजवळ हे मासे थांबत नाहीत, आणि त्याच्या टाकीतील हवाही लवकर संपते. अंगठ्या, साखळ्या बोटीवरच काढून ठेवाव्यात, कारण चकाकणारी वस्तू बॅराकुडाला लहान माशासारखी भासू शकते.

परतताना गोवा किंवा मंगळूरहून विमान पकडायचे असल्यास शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास जाऊ द्यावेत. किनाऱ्यालगत धावणाऱ्या रेल्वेने परतणे अधिक सोयीचे ठरते.