नर सापडला, पण पाय दिसेना! (गिरणा रेती अपडेट)

मंडळी, नर सापडला! गिरणाकाठच्या कानळद्याच्या सॅम्पलमधे आतापर्यंत नुसत्या माद्याच निघत होत्या, आणि पॅरास्टेनोकॅरिसमधे (रेतीतल्या पाण्यात राहणारे सूक्ष्म कोपेपॉड, कोळंबी-खेकड्यांच्या दूरच्या नात्यातले) नराशिवाय गाडी पुढे सरकत नाही हे तुम्हाला माहितीच आहे. काल रात्री डिशमधे एक पांढरा धागा वळवळताना दिसला, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी, ना डोळा ना रंग, झूम वाढवला तर दोन्ही अँटेन्यूल (डोक्यावरच्या मिशा) कोपरातून वाकलेले. नरच!

श्रेय जाळीला. ऑनलाइन आलेली '50 मायक्रॉन' जाळी मोजली तर भोकं जवळपास दुप्पट, बारीक माल सगळा वाहून जायचा. मग स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडून 120 नंबरची घेतली, सेंटिमीटरला 120 धागे, भोक 50 च्या आत, आणि स्वस्त. लॅबवाल्या महाग जाळीच्या नादी लागूच नका. बाकी पद्धत तीच करमन-चॅप्युईची, पाण्याजवळ वाळूत झिरा खोदायचा, झिरपलेलं पाणी मगाने उपसून गाळायचं. शेळ्या चारणारे एक बाबा थांबून विचारत होते, "रेतीमा काय शोधी ऱ्हायना भाऊ?" त्यांना लेन्समधून दाखवलं, खूप वेळ बघत बसले.

आता खरी डोकेदुखी. ओळख सगळी नराच्या तिसऱ्या पायावर आणि चौथ्या पायाच्या आतल्या फांदीवर, आणि नर एकच, त्यामुळे पाय सुटे करायचे नाहीत असं ठरवलं. ग्लिसरीनमधे ठेवला, कव्हरस्लिपखाली दोन बाजूंना केसाचे तुकडे, स्लिप हळूच सरकवली की प्राणी लोळतो, 40 च्या लेन्सला पाय मस्त समोर येतो. पण 100 च्या लेन्सला लागतो तो तेलाचा थेंब स्लिपवर टाकून स्टेज जरा हलवलं की तेल स्लिपला ओढतं आणि हा पठ्ठ्या परत कुशीवर! त्यात आमच्याकडचा मे महिना, ग्लिसरीन पातळ होतं, काही धरूनच ठेवत नाही. शेवटी 40 ला पाय जुळवला, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना नेलपॉलिशचा ठिपका दिला, वाळू दिलं आणि मगच तेल. तिसरा पाय दिसला! बाहेरची कड जाड, टोकाला अपोफिसिस (पुढे आलेला उंचवटा) आणि त्याला भिडलेला बारीक अंगठा, काय सुंदर दिसतं ते. चौथ्याची फांदी मात्र अजून तिसऱ्याच्या मागे लपलेली, आणि आता नेलपॉलिशमुळे लोळवताही येत नाही.

थांबा, लिहिता लिहिता सुचलं, स्लाइडच नको. दोन कव्हरस्लिपांच्या मधे ठेवायचा आणि पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवायचा, कॉब स्लाइडसारखं, म्हणजे उलटवून दुसऱ्या बाजूनेही बघता येईल. आज रात्री ॲसिटोनने ठिपके सोडवतो, हळूहळू.

म्हणजे डुमस किनाऱ्याची रेती मागे पडली. आत्येभाऊ सुरतहून काळी रेती घेऊन आलाय, समुद्राचे हार्पॅक्टिकॉइड (पॅरास्टेनोकॅरिसच्याच गटातले कोपेपॉड) भरपूर निघतील, जिवंत माल गुंगवून रेतीतून सोडवायला 7 टक्के मॅग्नेशियम क्लोराइडही आणून ठेवलं होतं. पण आता वेळ नाही, म्हणून रेती तूर्त अल्कोहोलमधे, वर थोडं ग्लिसरीन, या उन्हात बाटली कोरडी पडली तरी माल वाचतो.

नवीन जात आहे का हे आत्ताच विचारू नका. आणखी नर हवेत, चित्रं हवीत, होलोटाइप (नव्या जातीचा मूळ नमुना) संग्रहालयात जायला हवा. पावसाळ्यात गिरणेला पाणी आलं की तो काठ गेला, म्हणून या रविवारी त्याच जागी जास्त खोल खोदणार. पुठ्ठ्याची चौकट वापरणाऱ्यांनी सांगा, जाडी किती ठेवता?