उशिरा लागलेला सातबारा

‘हिज’, ‘हर’, ‘इट्स’ ही तिघं शाळेच्या पुस्तकात एकाच चौकटीत बसलेली असतात, त्यामुळे ती पाठची भावंडं वाटतात. प्रत्यक्षात ‘हिज’ हजार वर्षांहून जुनं आहे आणि ‘इट्स’ अवतरलं ते सोळाव्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे इंग्रजीतल्या बिचाऱ्या नपुंसकलिंगाच्या नावावर स्वतंत्र सातबाराच नव्हता!

तोवर भागत होतं ते ‘हिज’वर. जुन्या इंग्रजीत पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी दोन्ही मालकांना तेच एक रूप चाले. आपण यावर हसायचं कारण नाही. मुलाचं दप्तर ‘त्याचं’ आणि झाडाचं खोडही ‘त्याचं’च. आपलं त्यावाचून काही अडलेलं नाही.

इंग्रजांचं अडलं, कारण त्यांच्या नामांची लिंगं गळून गेली. मग ‘हिज’ म्हटलं की डोळ्यांपुढे बाप्याच उभा राहायला लागला. तरी 1611 च्या बायबलमधलं मीठ ‘हिज’ चव गमावतं. त्या मूळ छपाईत ‘इट्स’ शोधून सापडत नाही. कुणी ‘ऑफ इट’ म्हणून वेळ मारून नेई, तर कुणी प्रत्यय न लावता नुसतंच ‘इट’ ठेवून देई. ‘किंग लियर’मधला विदूषक परक्या पिल्लाला भरवणाऱ्या पाखराची गोष्ट सांगतो. ते पिल्लू शेवटी पोसणारीचंच डोकं तोडतं. तिथे डोकं आहे ‘इट हेड’ आणि पिल्लू ‘इट यंग’. मला हे बोबडं रूप फार आवडतं.

नवं ‘इट्स’ बरीच वर्षं अपॉस्ट्रॉफी लावूनही लिहीत. तेव्हा ती चूक नव्हती. आज तीच लावली की तांबडी रेघ.

या शब्दाच्या वयानं एकाची चोरीही पकडून दिली. अठराव्या शतकात ब्रिस्टलच्या थॉमस चॅटर्टन या पोरानं स्वतःच्या कविता पंधराव्या शतकातल्या एका पाद्र्याच्या नावावर खपवल्या. कोशांतून जुने शब्द वेचले, स्पेलिंगं मुद्दाम वाकडी केली. विद्वानांत कितीतरी वर्षं वाद चालला. पुढे एकोणिसाव्या शतकातल्या भाषाभ्यासकांनी जे पुरावे पुढे केले, त्यांत एक होता ‘इट्स’. पाद्रीबुवांच्या काळात तो शब्द जन्मलाच नव्हता. चॅटर्टनला तो खटकला नाही, यात नवल नाही. तोवर तो इतका अंगवळणी पडला होता की जुनाच वाटावा.