फ्रंट रेस्ट निवडताना: हात सोडल्यावर जो जागा सोडत नाही तोच

बेंचरेस्टमध्ये, म्हणजे रायफल बाकावर टेकवून करायच्या नेमबाजीत, नवीन येणारा माणूस आधी बॅरल, मग स्कोप, मग गोळ्यांचा लॉट (एका खेपेत बनलेल्या गोळ्या) याची चिंता करतो आणि फ्रंट रेस्ट, म्हणजे रायफलच्या पुढच्या भागाखालचा आधार, उरलेल्या पैशांत उरकतो. हा क्रम का चुकतो ते थोड्या हिशेबाने कळतं. रायफल पुढे रेस्टवरच्या आणि मागे बेंचवरच्या वाळूच्या पिशवीवर, म्हणजे बॅगवर, टेकते. या दोन बॅगांमधलं अंतर साधारण ७०० मिमी धरा. ५० मीटरवर नेम १ मिमी हलवायचा असेल तर रायफलचा पुढचा भाग फक्त ०.०१४ मिमी हलावा लागतो. आता हेच उलट करून पाहा. रेस्टच्या वरच्या भागात ०.१ मिमी ढिलेपणा असेल, तर तो ५० मीटरवर ७ मिमी होतो आणि २५ मीटरच्या एअर रायफल टार्गेटवर साडेतीन मिमी. बोटांना ०.१ मिमी किरकोळ वाटतं, स्कोअरला मात्र नक्की जाणवतं.

यावर कुणी म्हणेल, स्कोपमधून दिसतंच की, क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) सरकला तर आपण परत आणू. बरोबर आहे. स्कोपमधून दिसणारी चूक ट्रिगर ओढण्याआधी दुरुस्त होते, म्हणून ती फारशी महाग नाही. महाग पडते ती न दिसणारी चूक. वाऱ्याची वाट पाहत थांबलेले असताना रेस्ट हळूच खाली बसतो, किंवा ट्रिगर सुटल्यापासून गोळी बाहेर पडेपर्यंत रायफल दर वेळी थोडी वेगळी सरकते. रेस्टची पारख या दोन गोष्टींवर करायची. चाकं किती, नॉब किती, रंग कोणता, हे सगळं नंतर.

ही हालचाल किती असते? .२२ एलआर या छोट्या रिमफायर (कडेवर पिन आपटून पेटणाऱ्या) काडतुसाची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची, रायफल स्कोपसह ४.८ किलो आणि बॅरल ६० सेंमी धरलं, तर गोळी तोंडाबाहेर पडेपर्यंत रायफल जेमतेम ०.३३ मिमी मागे आलेली असते. पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या) एअर रायफलमध्ये ०.५४ ग्रॅमच्या छर्‍यासाठी ही हालचाल त्याहून कितीतरी कमी असते, सोबत सुटणारी हवा धरली तरी. धक्का नाहीच तर रेस्टचं काय एवढं, असं इथे वाटू शकतं. पण .२२ ची गोळी सुमारे ३ मिलिसेकंद बॅरलमध्ये असते आणि त्या ०.३३ मिमीत फोरएंड (स्टॉकचा पुढचा, बॅगेवर टेकणारा भाग) एकदा बॅगला चिकटून, एकदा घसरून सरकला, तर बॅरलचं कंपन दोन वेळा सारखं होत नाही. घर्षण कमी की जास्त यापेक्षा ते प्रत्येक शॉटला तेवढंच असणं महत्त्वाचं.

खरेदीआधी आपल्या सामन्यांची नियमावली उघडा. डब्ल्यूआरएबीएफ या रिमफायर आणि एअर रायफल बेंचरेस्टच्या जागतिक संघटनेच्या पद्धतीत एअर रायफल २५ मीटरवर आणि रिमफायर ५० मीटरवर असते. एका कार्डावर २५ बुल (नेमाचे गोल), कमाल २५० गुण आणि वेळ २० मिनिटं. तिथे पुढचा रेस्ट आणि मागची बॅग वेगवेगळी हवीत. अमेरिकेतल्या एआरए या रिमफायर बेंचरेस्ट संघटनेच्या सामन्यांत मात्र पुढचा-मागचा आधार एकाच सांगाड्यावर असलेले एकसंध रेस्ट सर्रास दिसतात. असा जड सांगाडा हौसेने घेतला आणि आपल्या क्लबच्या नियमांत तो बसत नाही असं कळलं, तर तो फक्त गोळ्यांचे लॉट तपासायलाच उरतो. फोरएंडची रुंदीही आधीच पाहून ठेवा. बेंचरेस्टच्या स्टॉकला ती बहुधा ७६ मिमीपर्यंत असते, स्पोर्टर वर्गात कमी. बॅग त्या रुंदीला बसणारीच हवी. ७६ मिमीच्या बॅगेत ५५ मिमीचा फोरएंड ठेवला तर कान (बॅगेच्या दोन्ही बाजूंचे उंचवटे) कितीही आवळले तरी तो डुलतोच.

आता प्रकार. सगळ्यात साधा म्हणजे तीन पायांचं ओतीव लोखंडी बैठक, मधोमध आटे पाडलेला खांब आणि वर बॅग. उंची एका मोठ्या चाकाने बदलायची, डावं-उजवं मागची बॅग सरकवून. ग्रुप पाहायला हा पुरेसा आहे. कार्डावर २५ बुल फिरायचे असतील तर मात्र प्रत्येक बुलला मागची बॅग हलते, आणि मागची बॅग हलली की आधीची बसलेली जागा गेली.

दुसऱ्या प्रकारात उंचीला एक चाक आणि आडव्या सरकण्याला दुसरं. चांगल्या बनावटीचा असा रेस्ट मला पुढे येणाऱ्या जॉयस्टिकच्या तोडीचा वाटतो, कारण तो आपणहून खाली येत नाही. आट्यांचा टप्पा १ मिमी असेल तर चाकाचा एक पूर्ण फेरा ५० मीटरवर सुमारे ७१ मिमी होतो, म्हणजे १० अंश फिरवले की नेम साधारण २ मिमी सरकतो. याहून जाड आटे असलेला रेस्ट बारीक नेमाला त्रास देतो. याचा खरा दोष दिशा बदलताना दिसतो. चाक उलटं फिरवलं की आधी आट्यांमधली मोकळी जागा भरते आणि मग नेम हलतो. म्हणून उंची नेहमी खालून वर आणत लावायची. रायफलचं वजनच मग आटे एका बाजूला दाबून ठेवतं. आडव्या दिशेला वजनाची मदत नसते, तिथे आतून स्प्रिंगचा ताण आहे का ते दुकानात विचारा.

तिसरा प्रकार जॉयस्टिकचा. एकच दांडा, वर-खाली आणि डावं-उजवं दोन्ही त्यानेच. अमेरिकेतला फार्ली आणि इंडोनेशियात बनणारे सेबचे रेस्ट ही या प्रकारातली जुनी जाणती नावं. २० मिनिटांत २५ शॉट आणि समजा १५ साइटर (गुण न मोजले जाणारे चाचणीचे शॉट), म्हणजे प्रत्येक गोळीला ३० सेकंद. वारा फिरला तर त्यातच परत साइटरवर जाऊन यायचं. .२२ ची मॅचची गोळी आवाजाच्या वेगाच्या खालीच राहते आणि वाऱ्याने सहज ढकलली जाते, त्यामुळे साइटर ते बुल ही ये-जा एका हाताने, डोळा स्कोपवरून न काढता होणं ही मोठी सोय. दांडा जितका लांब तितकं नियंत्रण बारीक. पण लांब दांडा बेंचच्या कडेला किंवा आपल्याच छातीला लागत नाही ना, ते बसून पाहा. काही रेस्टमध्ये दांडा डावीकडे नेला की नेम डावीकडे जातो, काहींत उलट. कोणतंही चालतं, फक्त घरी एक आणि क्लबमध्ये दुसरं असं नको.

जॉयस्टिकची नाजूक बाजू म्हणजे ताण. वरचा भाग रायफलचं वजन घर्षणावर किंवा स्प्रिंगवर तोलतो. ताण कमी पडला तर हात सोडल्यावर क्रॉसहेअर हळूहळू खाली येतो, जास्त झाला तर दांडा अडकत अडकत हलतो आणि नेम बुलच्या पलीकडे उडी मारतो. रायफल बदलली, जड बॅरल ट्यूनर (कंपन जुळवायला बॅरलच्या टोकाला लावायचं वजन) लावला, किंवा बॅग फोरएंडवर दोन सेंमी मागे घेतली तरी पुढचं वजन बदलतं. अशा वेळी ताण पुन्हा लावायचा. हे न करता रेस्टला नावं ठेवणारे बरेच भेटतात.

वजनात काटकसर नको. बैठक ७-८ किलोची असेल तर बरं, पायांचा पसारा रुंद आणि पायांच्या टोकांना अणकुचीदार स्क्रू. काँक्रीटच्या बेंचवर टोकं थेट ठेवली तर ती घसरतात, म्हणून प्रत्येक पायाखाली मधे खळगा असलेली धातूची चकती ठेवा. लाकडी बेंचवर टोकं थोडी रुतू द्या आणि रेस्टवर तळहाताने दोनदा दाब देऊन मगच पाणसळ पाहा. पाय स्थिर झाल्यावर त्यांचे लॉक नट आवळायला विसरू नका. नट सैल राहिला तर बाकी सगळं तंतोतंत असूनही नेम तिरका सरकत राहतो आणि कारण सापडत नाही.

बॅगेबद्दल थोडं सविस्तर, कारण रायफलला स्पर्श फक्त तिचाच. चामड्याची बॅग आकार छान धरते, पण ओल शोषते. कॉर्डुरासारखं कापड घसरतं बरं आणि पावसाळी हवेत कमी बदलतं. आत जड, बारीक, कोरडी वाळू. नरसाळ्याने थोडी थोडी भरायची, मधून मधून लाकडी हातोडीने बाजूंना हलके ठोकायचं, म्हणजे कोपरे रिकामे राहत नाहीत. वाळूची धूळ फुप्फुसांना वाईट, तेव्हा मास्क लावून उघड्यावर भरा. जवळपास भरली की फोरएंडच्या रुंदीची सपाट फळी मधे दाबून ठोका आणि तळ सपाट करा. अंगठ्याने दाबल्यावर खळगा पडून तसाच राहिला तर बॅग मऊ आहे: रायफल दर शॉटला थोडी खोल बसेल आणि गोळ्या उभ्या रेषेत पसरतील. कान फोरएंडला दोन्ही बाजूंनी टेकावेत, आवळू नयेत. रायफल १० मिमी मागे ओढून सोडली की ती तिथेच राहिली पाहिजे. कानांनी ती स्वतःहून पुढे खेचली तर कान फार घट्ट आहेत. घसरण सारखी ठेवायला फोरएंडच्या तळाला गुळगुळीत टेप किंवा बॅगेवर थोडी टॅल्कम पावडर चालते. दोन्हींपैकी एकच वापरा आणि सामन्याच्या मध्यात बदलू नका.

स्प्रिंग-पिस्टन एअर रायफलचं गणित वेगळं. पिस्टन पुढे जाताना रायफल आधी मागे येते, मग पिस्टन आपटला की पुढे झटका खाते, आणि छर्रा सुटायच्या आसपासच हे सगळं घडतं. अशा रायफलला कडक बॅग आणि घट्ट कान दिले तर ग्रुप फुटतो. तिच्यासाठी बॅग थोडी मऊ आणि कान सैल ठेवा. इथे जॉयस्टिकवर जास्त पैसे घालण्यात मला अर्थ दिसत नाही. पीसीपीला मात्र रिमफायरचेच नियम लावा.

दुकानात किंवा क्लबमध्ये रेस्ट तपासायचा असेल तर रायफल रिकामी असल्याची खात्री करून, रायफल-स्कोपसह तपासा. स्कोपचं मॅग्निफिकेशन (चित्र किती पट मोठं दिसतं ते) शक्य तितकं वाढवा, पॅरलॅक्स त्या अंतराला लावा, नाहीतर डोक्याची हालचालच रेस्टचा दोष वाटेल. क्रॉसहेअर एका ठिपक्यावर आणा, दांडा किंवा चाक सोडा आणि मिनिटभर नुसतं पाहत राहा. खाली आला तर ताण वाढवून पुन्हा पाहा, ताण पूर्ण लावूनही येत असेल तर तो रेस्ट तुमच्या रायफलसाठी नाही. मग दांड्याला बोटाने हलकेच डावीकडे ढकलून सोडा, तसंच उजवीकडे. दोन्ही वेळी क्रॉसहेअर त्याच जागी परत यायला हवा. फरक दिसला तर तेवढी ढिल तुम्ही विकत घेताय. त्यानंतर टार्गेटजवळ ओळंबा टांगा किंवा कागदावर पाणसळीने उभी रेघ मारा आणि फक्त उंची बदला. क्रॉसहेअर रेघ सोडून गेला तर आधी बैठकीची पाणसळ तपासा, ती बरोबर असेल तर वरच्या भागाची बनावट तिरकी आहे.

शेवटी रायफल १० मिमी मागे ओढून परत पुढे ढकला. उभ्या दिशेला नेम थोडा हलणार, कारण स्टॉकचा मागचा तळ बहुधा उतरता असतो: ५ अंश उतार असेल तर १ मिमी मागे येण्याने ५० मीटरवर नेम सुमारे ६ मिमी हलतो. पुढे ढकलल्यावर तो मूळ जागी परतला की काम झालं. नेम आडवा सरकला तर पुढची आणि मागची बॅग एका रेषेत नाहीत. मागच्या बॅगेचे कान थोडे फिरवून पाहा, रेस्टचा दोष नसतो. या तपासणीत ट्रिगर ओढायचा असेल तर रिमफायरमध्ये वापरलेली केस घाला, नाहीतर फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटू शकते. स्प्रिंग-पिस्टन रायफल छर्‍याशिवाय कधीच सोडू नका.

फोरएंड स्टॉप, म्हणजे फोरएंडचं टोक जिथे अडतं तो रेस्टवरचा छोटा भाग, लोक फार घट्ट वापरतात. तो फक्त जागा दाखवायला आहे. रायफल स्टॉपला टेकवा, मग २-३ मिमी मागे घ्या आणि मगच शॉट घ्या. स्टॉपवर दाबून धरलेली रायफल कधी जास्त, कधी कमी दाबली जाते. बॅग फोरएंडच्या टोकापासून ३-५ सेंमी मागे आली की बहुतेक स्टॉक नीट बसतात. तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा. स्लिंगचा हुक बॅगेत अडकत असेल तर काढून टाका, आणि बॅरल कुठेही टेकणार नाही याची खात्री करा.

नेताना जॉयस्टिकचा वरचा भाग खाली आणून लॉक करा, बॅग वेगळी ठेवा. भिजलेली चामड्याची बॅग उन्हात वाळवली तर शिवणी आकसतात आणि कान वाकडे होतात. ती वाळू काढून सावलीत वाळवायची, मग वाळू पुन्हा भरून तळ फळीने नव्याने सपाट करायचा.