आमची वाटचाल : टिपणवही, प्रेसनोट आणि एआय

माझे बाबा कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. दिवसभर छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे. २००४ साली मी घराच्या पुढच्या खोलीत डीटीपी सेंटर काढलं, तेव्हा त्यांनी एकच गोष्ट बजावली होती : "नाव आणि आकडा दोनदा वाच. बाकीची चूक लोक पोटात घालतात." आज आमच्या ऑफिसात चार माणसं आहेत, लिहिण्याच्या कामात रोज एआयची मदत असते, आणि तरी या वाटचालीबद्दल लिहायला बसले की पहिल्यांदा बाबांचं ते वाक्यच आठवतं.

सुरुवातीला लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं एवढंच काम होतं. मग गिऱ्हाइकं विचारू लागली, "ताई, दुकानाचं उद्घाटन आहे, पेपरला बातमी द्यायचीय, जरा लिहून द्या की." मी लिहून द्यायची. कुणाच्या हस्ते, अध्यक्षस्थानी कोण, प्रास्ताविक कुणी केलं, आभार कुणी मानले. पंधरा ओळींत अकरा नावं. काही छापून यायच्या, बऱ्याच यायच्या नाहीत. का येत नाहीत हे विचारायला मी एका दैनिकाच्या ऑफिसात गेले. तिथल्या उपसंपादकांनी माझ्यासमोर त्या दिवशीचा गठ्ठा ठेवला आणि म्हणाले, "यातली बातमी कोणती, ते तुम्हीच सांगा." मला सांगता आलं नाही. माझा खरा धंदा त्या दिवशी सुरू झाला असं मी मानते.

त्यानंतर शिकत गेले. पहिल्या दोन वाक्यांत काय झालं, कुठं, कधी आणि त्याचा कुणाला काय उपयोग, हे आलंच पाहिजे. पानावर जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापतो, म्हणून महत्त्वाचं वर ठेवायचं. अडीचशे शब्दांच्या पुढं जायचं नाही. फोटोओळीत 'डावीकडून' लिहून नावं क्रमानं द्यायची. मजकूर पीडीएफ करून पाठवायचा नाही. डेस्कवरच्या माणसाला तो उचलता यायला हवा. आणि दुपारी पाठवायचं, रात्री पानं लागताना नाही. हे सगळं मला पेपरच्या लोकांनीच शिकवलं. दरवर्षी ६ जानेवारीला, बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' सुरू केलं त्या दिवशी, आम्ही शहरातल्या वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत जाऊन पत्रकार दिनाच्या शुभेच्छा देतो. त्यात माझं गुरुऋणही असतं.

चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरअखेरीस आलं. आमच्याकडं ते २०२३ च्या उन्हाळ्यात पोचलं. ऑफिसातल्या सगळ्यात धाकट्या मुलीनं एका शोरूमच्या उद्घाटनाची माहिती टाकली आणि मिनिटभरात प्रेसनोट तयार. मी अचंबित झाले. मला जे लिहायला दुपार जायची ते चहा गार व्हायच्या आत झालं होतं. महिनाभर आम्ही त्या वेगावर खूष होतो.

पण वाचत गेले तशी खटकायला लागली ती भाषा. 'घोषणा करताना आम्हाला अत्यंत आनंद होत आहे' अशी सुरुवात. कोल्हापुरात असं कोण बोलतं? प्रत्येक दुकान 'नवा अध्याय' लिहीत होतं, प्रत्येक वर्कशॉप 'महत्त्वपूर्ण पाऊल' टाकत होतं. बारा लाखांचे 'एक पूर्णांक दोन दशलक्ष' झाले होते. केटरिंगच्या धंद्यातल्या लोकांचा मेळावा होता, त्यात ज्येष्ठ आचाऱ्यांचा सत्कार झाला. मजकूर छोटा करायला दिला तर 'आचार्यांचा सत्कार' होऊन परत आला. एका अर्ध्या र नं स्वयंपाकघरातली माणसं मठात नेऊन बसवली. हे तेव्हा पकडलं गेलं, कारण नाव आणि आकडा वाचताना त्याच्या आजूबाजूचं वाचायची आम्हाला सवय होती.

जे पकडलं गेलं नाही, ते सांगायला अजून जड जातं.

एका धर्मादाय रुग्णालयानं डायलिसिसची नवी यंत्रं बसवली. आमच्याकडं आलेल्या माहितीत स्पष्ट लिहिलं होतं, 'सवलतीच्या दरात'. एआयनं नोट लिहिली, छान लिहिली. शेवटी विश्वस्तांच्या तोंडी एक वाक्य होतं : गरजू रुग्णांना मोफत उपचार देण्यासाठी आम्ही कटिबद्ध आहोत. विश्वस्त असं बोललेच नव्हते. ते वाक्य एआयनं स्वतःहून रचलं होतं, कारण अशा बातमीत असं वाक्य असतं. मी नावं तपासली, आकडे तपासले, यंत्रांची संख्या तपासली. अवतरणचिन्हातलं वाक्य तपासलं नाही. रुग्णालयातल्या ज्यांनी मंजुरी द्यायची, त्यांनीही वरवर वाचून 'ओके' कळवलं. बातमी तीन ठिकाणी लागली.

तिसऱ्या दिवशी चंदगडकडून एक कुटुंब एसटीनं आलं, हातात पेपरचं कात्रण घेऊन. ज्याला आठवड्यातून दोन-तीनदा, दर खेपेला चारेक तास यंत्राला लागायचं असतं, त्याच्या घरच्यांना 'मोफत' हा शब्द काय असतो ते मी वेगळं सांगायला नको. काउंटरवर त्यांना सांगावं लागलं की तसं काही नाही. मला फोन आला तेव्हा मी तिथं गेले. त्या कुटुंबाला भेटले, चूक माझी आहे असं सांगितलं, हात जोडले. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागानं त्यांना सरकारी योजनेच्या कागदपत्रांचा मार्ग दाखवला, पण त्यांचा तो दिवस मी परत देऊ शकत नव्हते. तिन्ही वृत्तपत्रांना मी स्वतःच्या सहीनं खुलासा पाठवला आणि त्या कामाचे पैसे घेतले नाहीत.

त्या आठवड्यात ऑफिसात एआय बंद करायचं असं जवळजवळ ठरलं होतं. धाकटी सहकारी रडवेली झाली होती. मी रात्री जुनी कागदपत्रं काढून बसले, त्यात बाबांच्या वेळची प्रुफं होती. शाईच्या खुणा, समासात प्रश्नचिन्हं. पाहता पाहता एक गोष्ट लक्षात आली. यंत्राला आम्ही लिहायचं काम दिलं होतं आणि तपासायचं काम अर्धवट स्वतःकडं ठेवलं होतं. पण लिहिण्याच्याही आधीचं काम, म्हणजे विचारण्याचं काम, कुणीच करत नव्हतं. गिऱ्हाइकानं व्हॉट्सॲपवर चार ओळी पाठवल्या की आम्ही त्या थेट यंत्राला देत होतो. चार ओळींची अडीचशे शब्दांची नोट करायची म्हटल्यावर ते उरलेलं कुठून आणणार? रचूनच.

तेव्हापासून आमची पद्धत उलटी झाली. आधी वही. गिऱ्हाइकाशी प्रत्यक्ष किंवा फोनवर बोलायचं, त्याचं टिपण करायचं. ते टिपण एआयला देताना पहिली सूचना अशी असते : प्रेसनोट लिहू नकोस. तू जिल्हा पान लावणारा अनुभवी उपसंपादक आहेस. हे टिपण वाच आणि यात बातमी व्हायला काय कमी आहे ते मला विचार. मग ते विचारतं. किंमत किती, आधी हे काम कुठं व्हायचं, कुणाचा वेळ वाचणार, ही जिल्ह्यातली पहिलीच सोय असल्याचं म्हणता त्याला आधार काय. या शेवटच्या प्रश्नावर निम्मी गिऱ्हाइकं अडखळतात, आणि 'जिल्ह्यातील पहिले' हे शब्द नोटेतून निघून जातात. ते गेलेले चांगले.

उत्तरं मिळाली की मगच लिहायला सांगतो, तेही अट घालून : टिपणात नसलेलं एकही नाव, तारीख, आकडा किंवा कुणाच्या तोंडचं वाक्य घालायचं नाही, माहिती नसेल तिथं मोकळा कंस ठेवायचा. अट घातली म्हणून ती शंभर टक्के पाळली जाते असं नाही. म्हणून आलेला मजकूर छापून घेतो आणि लाल पेनानं प्रत्येक दाव्याच्या शेजारी वहीचं पान लिहितो. ज्याला पान नाही ते खोडायचं. अवतरणातलं वाक्य त्या माणसाला फोनवर वाचून दाखवायचं आणि त्याचा होकार घ्यायचा. कागदावरची मंजुरी त्याला पुरत नाही. रुग्णांची नावं, फोन नंबर असलं काही एआयला द्यायचं नाही, हाही नियम त्याच वेळचा.

वेळ वाचतो का, असं मला धंद्यातले लोक विचारतात. लिहिण्याचा वाचतो, खूप वाचतो. एकाच टिपणावरून वृत्तपत्रासाठी अडीचशे शब्द, चौकटीसाठी साठ शब्द, इंग्रजी दैनिकासाठी वेगळा मजकूर, निपाणी-बेळगावकडं पाठवायचा तर कन्नड मसुदा, हे सगळं तासाभरात होतं. कन्नड मसुदा आम्ही कन्नड येणाऱ्या शिक्षिकेकडून वाचून घेतो, त्याचे त्यांना पैसे देतो. वाचलेला वेळ सगळा वहीवर आणि फोनवर जातो, आणि मला तो तिथंच जायला हवा आहे.

नव्या मुलांना मी एक जुनी गोष्ट सांगते. ऑक्टोबर १९०६ मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली, पन्नासहून अधिक माणसं गेली. कंपनीचं काम पाहणाऱ्या आयव्ही ली यांनी अपघात दडपण्याऐवजी माहितीचं पत्रक काढलं आणि बातमीदारांना घटनास्थळी नेण्याची सोय केली. 'न्यूयॉर्क टाइम्स'नं ते पत्रक जसंच्या तसं छापलं. आज ज्याला आपण प्रेसनोट म्हणतो तिची सुरुवात तिथून मानली जाते. मला त्यातला पत्रकापेक्षा दुसरा भाग मोलाचा वाटतो : येऊन पाहा, असं म्हणायची तयारी. आमच्या प्रत्येक नोटेखाली म्हणूनच अशा माणसाचा नंबर असतो जो फोन उचलतो आणि ज्याला विषय माहीत असतो.

मध्यंतरी एक उपसंपादक म्हणाले, "ताई, आता सगळ्या नोटा एकाच माणसानं लिहिल्यासारख्या येतात. तुमच्यात निदान माणसं वेगवेगळी बोलतात." मला त्या दिवशी फार बरं वाटलं. कारण बोलणं आम्ही आता दुरुस्त करत नाही. कागलकडचा माणूस 'आमी' म्हणाला तर वहीत 'आमी' असतं. छापताना प्रमाण भाषेत येतं, पण वाक्याचा बाक त्याचाच राहतो. एआय तो बाक सरळ करायला बघतं, आणि प्रत्येक वेळी आम्ही तो परत घालतो.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि आपल्याकडं गदारोळ झाला, तेव्हा वेणी आणि शिलाईचं काम करणाऱ्या बायकांचा एक गट आमच्याकडं आला. त्यांना पेपरात आपली बाजू मांडायची होती. घाईत आमच्या एका मुलानं जुन्या सवयीनं थेट नोट लिहवून घेतली. 'गौरवशाली वारसा', 'जागतिक पटलावर' आणि भौगोलिक मानांकन (एखाद्या भागाच्या खास मालाला मिळणारी कायदेशीर ओळख) 'महाराष्ट्राला मिळालेले'. ते मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांचं आहे : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. ही चूक छापून गेली असती तर सीमेपलीकडच्या त्यांच्याच नात्यातल्या कारागिरांना पुसून टाकल्यासारखं झालं असतं.

नोट बाजूला ठेवली, वही काढली. बायका बोलत होत्या. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं, खिळा न मारता चामड्याच्या वादीनंच घातलेली शिवण, कापशी, पुकारी, बक्कलनाळी ही चपलांच्या प्रकारांची नावं. ते टिपण एआयला दिलं आणि विचारलं, काय कमी आहे? त्यानं सात प्रश्न काढले. त्यातला चौथा होता : एका जोडीची वेणी घालायला किती वेळ लागतो आणि त्याचे हातात किती पैसे येतात?

मी तो मोठ्यानं वाचला. खोलीत शांतता झाली. मग सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाल्या, "हे आजवर कुणी इचारलंच न्हाई." त्यांनी बोटांवर हिशोब मांडला, दुसरीनं तो दुरुस्त केला, तिसरीनं तिच्या पिशवीतून मजुरीची वही काढून माझ्यासमोर ठेवली. मी त्यातले आकडे उतरवून घेतले आणि सवयीनं पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचायला लागले.