घोंगडी खुंटीला टांग

नाटकात मी कधी उभी राहिले नाही. आठ वर्षं प्रॉम्प्टिंग केलं, म्हणजे नट अडला की आडून वाक्य पुरवलं. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी जवळ आली की ऑफिसातून थेट तालमीला, आणि प्रयोगाच्या दिवशी वही आणि पेनाएवढी बॅटरी घेऊन डाव्या विंगेत. तिथून नटाचा एक कान आणि खांदा दिसतो. बाकी नाटक वहीत.

म्हणून असेल कदाचित, पण चित्र नाही, आवाज नाही, नुसत्या मजकुरावर चालणारे कॉम्प्युटर गेम मला लगेच घरचे वाटले. गेम एक परिच्छेद लिहितो, आपण खाली 'दार उघड' असं काहीतरी टाइप करायचं, की तो पुढचं सांगतो. इंटरॅक्टिव्ह फिक्शन म्हणतात याला. आणि असे गेम लिहिणाऱ्यांना रंगमंचाचं भारी वेड. इन्फोकॉम या अमेरिकन कंपनीचा १९८६ सालचा 'बॅलीहू' घ्या: सर्कस सुटल्यावर घरी न जाता तंबूमागे रेंगाळणारा प्रेक्षक म्हणजे आपण, आणि तिकडे मालकाची मुलगी पळवली गेलेली. खोक्यात डिस्कबरोबर सर्कशीचं तिकीट, कार्यक्रमपत्रिका आणि खराखुरा फुगा यायचा. सारा मोरायाती यांचा 'ब्रोकन लेग्ज' २००९च्या इंटरॅक्टिव्ह फिक्शन स्पर्धेत दुसरा आला. त्यातली मुलगी ऑडिशनला आलेली, आणि बाकीच्या उमेदवारांचा बेत कसा बिघडवायचा यातच गुंतलेली. एकांकिका स्पर्धांच्या मेकअप रूममध्ये ज्यांनी चार संध्याकाळी काढल्यात त्यांना ती ओळखीची वाटेल. मला तर नावानिशी आठवली.

'ॲन ॲक्ट ऑफ मिसडिरेक्शन' (२००४) सुरू होतो तोच स्टेजवर. आपण जादूगार, समोर प्रेक्षक, हाताशी हॅट. प्रयोग काय करायचाय ते पात्राला पाठ आहे, खेळणाऱ्याला नाही. वाक्य विसरलेला नट मान न वळवता विंगेकडे जो डोळा टाकतो ना, तो डोळा इथे आपला. फक्त विंगेत कोणी नाही.

पण माझा जीव जडला तो या सगळ्यांत लहान खेळावर. रॉजर फर्थ यांचा 'क्लोक ऑफ डार्कनेस', १९९९चा. खरं तर तो खेळ म्हणून लिहिलेलाच नाही. असे गेम बनवायच्या वेगवेगळ्या प्रोग्रामिंग भाषा एकमेकींशी ताडून बघता याव्यात म्हणून केलेला नमुना, त्यामुळे त्यातल्या बऱ्याच भाषांत कोणी ना कोणी तो उतरवलाय. खोल्या तीन, वस्तू तीन. नोव्हेंबरची पावसाळी रात्र, आपण ऑपेरा हाऊसच्या लॉबीत शिरतो. अंगात मखमली काळा झगा, इतका काळा की उजेड गिळतो. दक्षिणेला बार, पण झगा अंगावर असेपर्यंत तिथे मिट्ट काळोख. पश्चिमेच्या खोलीत पितळी खुंटी. झगा तिथे टांगला की बारमध्ये दिसायला लागतं, आणि जमिनीवरच्या भुशात कोणीतरी लिहिलेलं वाचता येतं. अंधारात चाचपडलात तर भुसा विस्कटतो. भलत्या दिशेला पाऊल टाकलं की दोन अंक चढतात, दुसरं काही केलं तर एक. दोन झाले की हरलात. ऑपेरा? तो आपल्याला ऐकूही येत नाही.

हे मी मराठीत करायला घेतलं, पायथन या प्रोग्रामिंग भाषेत, रविवारी दुपारी. पहिल्याच वाक्याला अडले. इंग्रजीला 'यू' पुरतं. इथे तू लॉबीत उभा आहेस की उभी? समोर कोण बसलंय, खेळाला काय कळणार. शेवटी 'तुम्ही उभे आहात' असं मानाने घेऊन वेळ मारून नेली. मग झगा. झगा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर भाचीचा फ्रॉक येतो, तेव्हा घोंगडी केली. इंग्रजी आज्ञेत क्रियापद पहिलं, ते उचललं की अर्धं काम झालं. आपण 'घोंगडी खुंटीला टांग' म्हणू, 'टांग की ती घोंगडी' म्हणू, कोणी अडकव म्हणेल, कोणी लटकव. खुंटीला, खुंटीवर, सगळी तीच खुंटी, म्हणून शब्दाच्या शेपट्या कापायचं ठरवलं. भुशाने घात केला. 'भुशावर'चा 'वर' कापला की उरतं 'भुशा', आणि माझ्या यादीत 'भुसा'. व्याकरणाच्या तासाला सामान्यरूप शिकवत होते तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते, त्याची ही भरपाई.

शेवटी भुसाच काढून टाकला. आपल्या नाट्यगृहात ना बार ना भुसा. मजकूर रंगमंचावर रांगोळीत लिहिलेला केला.

रांगोळीच का, ते सांगायला हवं. एका प्रयोगात दुसऱ्या अंकाला दिवाळीची पहाट होती. मध्यंतरात मेकअपच्या मुलीने स्टेजवर खरी रांगोळी काढली, मोर. पुढे एक छोटा ब्लॅकआउट होता. त्यात स्टूल डावीकडून उजवीकडे न्यायचा, आणि ते करणारा मुलगा त्या दिवशी आलाच नव्हता. वही काखेत मारून मी स्टूल उचलला. जमिनीवर रेडियमच्या टेपचे तुकडे लावलेले होते, ते बघत वळसा घालून जायचं. मी सरळ गेले. दिवे आले तेव्हा मोराची मान ओढत ओढत पार स्टेजच्या कडेपर्यंत गेली होती आणि तिच्यावर माझ्या चपलेचा टाच-अंगठ्यासकट ठसा. नायिकेचं वाक्य होतं, "किती सुरेख काढलीस गं!" बिचारीने पाठ होतं ते म्हटलं. थिएटर हसलं.

नेपथ्य दादाकडे होतं, म्हणून पडदा पडल्यावर दिग्दर्शक दादावर तुटून पडले. मी वहीची पानं लावत बसले होते.

गेल्या आठवड्यात दादालाच खेळ पाठवला, आता तो साठीला आलाय. रात्री फोन.

"मला तुम्ही-आम्ही काय करतोय हा?"

"खेळा हो जरा."

स्टेजवर पोचल्यावर त्याने टाइप केलं, 'लाईट लाव गं'. 'गं' माझ्या शब्दकोशात नव्हता, आणि माझ्या खेळात अंधारात काहीही टाइप केलं तरी पाऊल पडतं. मग त्याने 'बॅटरी आण' लिहिलं. मग एक शिवी, ती इथे देत नाही. रांगोळी पुसली गेली. दुसऱ्या खेपेला मुकाट्याने घोंगडी खुंटीला टांगून आला आणि जिंकला. मला वाटलं, आता फोन ठेवेल.

"मूळ खेळात वस्तू तीनच आहेत म्हणालीस ना?"

"हो."

"मग यात हा स्टूल कशाला ठेवलायस?"